वहीत न चढलेली पोरं

सोनगीरच्या रुपचंद आबांना भर बाजारात कुणी अडवून विचारावं, आबा, आमच्या पणज्याच्या बापाचं नाव काय हो, आणि आबांनी हातातली मेथीची जुडी खाली न ठेवता ते सांगावं. नुसतं नाव नाही. तो कोणत्या गावाहून उठून इकडे आला, त्याला मुलगे किती, त्यातला कोणता पलटणीत गेला आणि कोणता भावांशी भांडून तापीपार गेला, सगळं. आबा भाटाच्या घरातले. शंभरेक गावांतल्या घराण्यांच्या वंशावळी त्यांच्या बापजाद्यांनी राखल्या, पुढे त्यांनी राखल्या. लाल कापडात गुंडाळलेली, हातभर लांब, मधोमध दोऱ्याने शिवलेली वही बगलेत मारून आबा गावात शिरले, की यजमान घोंगडी अंथरायचा, पोरंटोरं गोळा व्हायची आणि आबा मूळ पुरुषापासून एकेक नाव सुरात वाचत खाली यायचे. शेवटी मागच्या खेपेनंतर जन्मलेल्या मुलाचं नाव वहीत चढायचं. हल्ली लोक घोंगडी अंथरत नाहीत, प्लास्टिकची खुर्ची देतात आणि जात पडताळणीसाठी वहीच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून घेतात. आबांना त्याचंही वावडं नव्हतं. सरकारलासुद्धा शेवटी आपल्याच वहीचं पान लागतं, म्हणून ते मिशीत हसायचे.

आता या वहीत एक गोम होती, आणि ती गोम आहे असं आबांना सत्तर वर्षांत एकदाही वाटलं नाही. वहीत लेकी चढत नसत. बापाच्या नावापुढे फार तर 'लेकी दोन' एवढं लिहायचं, नाव नाही. सुना तर कुठल्या गावच्या एवढ्यावरच आटपायच्या. आणि जो मुलगा बाप व्हायच्या आधीच गेला, त्याच्यापासून पुढे काही निघणार नाही म्हणून तोही चढत नसे. खुंटलेल्या फांदीवर शाई घालवू नये असं आबांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं. असं गाळून गाळून जे उरलं, ते आबा सुरात वाचायचे, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, वा, आपलं घराणं काय निकोप!

आबांना स्वतःला मुलगा नव्हता. सुनंदाबाईंच्या पोटी दोन मुलीच, रत्ना आणि दिपमाला. म्हणजे त्यांच्या घरची वही त्यांच्याच नावावर थांबणार होती. हे दुःख ते बोलून दाखवत नसत, पण रत्नाला नरडाण्याला दिली आणि तिला मुलगा झाला, तेव्हा पेढे वाटायला आबा जावयाच्या आधी धावले. रत्नाचा नवरा प्रेमराज तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला. मुलाचं नाव योगेंद्र. पोरगं उशिरा चाललं, पण त्याच्या पोटऱ्या काय सांगाव्यात! तीन-चार वर्षांचं पोर आणि पैलवानासारख्या टणक, भरलेल्या पोटऱ्या. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या दाबून दाखवायचे. सातव्या पिढीतले आमचे भीमराव कुस्त्या मारायचे, त्यांच्यावर गेलाय, असं छातीठोक सांगायचे. त्या भरलेल्या पोटऱ्याच रोगाची खूण होती, हे त्यांना कळायला पुढे पाच वर्षं जावी लागली. आठवलं की आजही ते आपल्याच तोंडात मारून घेतात. ही बोलण्याची रीत नव्हे, खरंच मारून घेतात. रत्नाने दोनदा हात धरला आहे.

पोरगं पडायला लागलं. आधी पळताना, मग चालताना. जमिनीवरून उठायचं म्हणजे आधी ओणवं व्हायचं, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असं आपल्याच अंगावर हातांनी चढत चढत उभं राहायचं. कुणी म्हणालं कॅल्शियम कमी आहे, कुणी म्हणालं नस दबली आहे. शिरपूरकडच्या एका मालिशवाल्याने तीन महिने तेल जिरवलं. आणि याच दिवसांत दिपमालाचं लग्न ठरलं.

मुलगा बोदवडजवळच्या एका गावचा, हितेंद्र. घराणं भाटाचंच, पण तीन पिढ्यांमागे वह्या सोडून शेतीला लागलेलं. हितेंद्रचे वडील तोताराम सरळ आणि कडक माणूस. साखरपुड्याला ते सोनगीरला आले, आणि मांडवात योगेंद्र त्यांच्या डोळ्यांदेखत तीनदा पडला. तिसऱ्यांदा त्याला तोतारामांनीच उचललं आणि विचारलं, "आबा, हे पोराचं काय आहे? घराण्यात कोनाले व्हतं का असं?"

प्रश्न रास्त होता. आबांनी उत्तर दिलं नाही, वही मागवली. मांडवात बैठक मारली आणि आपल्या घरच्या सतरा पिढ्या सुरात वाचल्या. कोण किती जगला, कुणाला किती मुलगे, कोण चार कोस पाणी वाहायचा, कोण एका दमात गड चढायचा. वाचून झाल्यावर वही मिटली आणि म्हणाले, "आमना कुळमा एक पांगळा निंघना व्हई, तर दखाडा." मांडवात माना डोलल्या. तोतारामांचं समाधान झालं. सुनंदाबाई चहाचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. त्या ताट तसंच घेऊन आत गेल्या, आणि चहा दुसऱ्याच कुणी आणून दिला. आबांना ते दिसलं होतं. पण दिसलेलं सगळं माणूस बघतोच असं नाही.

योगेंद्रच्या रोगाचं खरं नाव कळलं ते यंदा. तो नऊ वर्षांचा झाला होता आणि शाळेत त्याला पाठुंगळीला नेऊन बसवावं लागत होतं. धुळ्याच्या एका दवाखान्यात महिन्यातून एकदा मुंबईच्या डॉक्टर मॅडम येत. आनुवंशिक आजारांच्या त्या जाणकार. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, आणि अहवाल आला तेव्हा घरच्या सगळ्यांना बोलावून घेतलं. रत्ना, प्रेमराज, आबा, सुनंदाबाई, सगळे त्या लहानशा खोलीत दाटीने बसले. योगेंद्र बाहेर बाकावर मोबाईल बघत होता.

"डुशेन असं या आजाराचं नाव आहे," मॅडम म्हणाल्या. "स्नायू हळूहळू झिजतात. आज तरी पूर्ण बरं करणारं औषध नाही. झीज सावकाश व्हावी म्हणून आपण पुष्कळ करू शकतो, आणि ते करू या." मग त्या रत्नाकडे वळल्या. "यात तुमची काही चूक नाही. हे आधी ऐका, मग बाकीचं."

रत्ना ऐकत नव्हती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

मॅडमनी कोरा कागद पुढे ओढला. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, ज्याला आजार तो चौकोन भरून काळा. "मला या घराची माहिती हवी. मागच्या तीन पिढ्या तरी."

पिढ्या म्हटल्यावर आबा सावरून बसले. निदान एवढं तर आपल्या हातचं! वही नव्हती, पण ती लागते कुणाला? त्यांनी मूळ पुरुषापासून सुरुवात केली. पाचव्या पिढीवर मॅडमनी हात वर केला.

"आजोबा, हे सगळं तुमच्या वडिलांकडचं झालं. हा दोष त्या वाटेने येत नाही. मला आजींकडचं सांगा. आजींच्या आईकडचं."

आबांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. सासूचं नाव तानुबाई, एवढं त्यांना ठाऊक होतं. सासूच्या आईचं नाव? शंभर गावांचे खापरपणजे जिभेवर खेळवणाऱ्या माणसाला बायकोच्या आजीचं नाव येईना. आणि शेजारून सुनंदाबाई खालमानेने, एका लयीत बोलू लागल्या.

"मनी माय तानुबाई. तिले तीन आंडोर आनि मी एक आंडेर. पहिला दोन्ही आंडोर पांगळा व्हईसन गयात, एक दहाना, एक बारा वरीसना. मंग तिसराले उकिरडावर ठेईसन उचलं आनि नाव ठेवं उखर्डू. तो बी सतरा वरीसना गया." मग त्या पुढे म्हणाल्या, "मनी मायले एक भाऊ व्हता. त्यानं नाव केरू. मी त्याले देखेल नही. खाटवरच ऱ्हाये म्हने. आनि मनी मावशीना धाकला आंडोर. तो बी तसाच."

आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी, एवढं प्रेमराजने मध्येच सांगितलं, आणि मॅडमची लेखणी सुरसुर चालली होती. चौकोन काळे होत गेले. एक, दोन, तीन, चार, पाच. आबा त्या कागदाकडे बघत होते. उखर्डू, केरू! ज्या घरी आधीची पोरं जगत नाहीत, त्या घरी नव्या पोराला असं टाकाऊ नाव देतात, यमाची नजर पडू नये म्हणून. ही रीत आबांना ठाऊक नव्हती थोडीच? यजमानाच्या घरात 'उखर्डू' हे नाव लिहिताना आबा स्वतः विचारायचे, आधीचे किती गेले? विचारायचे आणि त्या आधीच्यांना वहीत घेत नसत. आणि ही दोन नावं त्यांच्या स्वतःच्या सासूकडची, पाठोपाठच्या दोन पिढ्यांतली, एक तिच्या भावाचं, एक तिच्या मुलाचं. चाळीस वर्षं त्यांनी ती ऐकली आणि कधी एकापुढे एक ठेवून बघितली नाहीत. कारण ती बायकोकडची होती, आणि बायकोकडचं म्हणजे वहीबाहेरचं.

मॅडम समजावून सांगत होत्या. आपल्या शरीराच्या पेशीपेशीत गुणसूत्रं असतात, त्यांवर जनुकं असतात, आणि एकेक जनुक म्हणजे शरीर कसं घडवायचं याची एकेक सूचना. स्नायू धडधाकट ठेवणारी सूचना ज्या गुणसूत्रावर आहे, तशी गुणसूत्रं बाईकडे दोन असतात आणि पुरुषाकडे एकच. बाईच्या एकातली सूचना बिघडली तरी दुसरी काम निभावते, म्हणून बहुधा ती धडधाकट दिसते. अशा बाईला वाहक म्हणायचं. दोष तिच्यात दडून असतो, तिच्याबरोबर सासरी जातो. तिच्या मुलाला तिच्याकडून बिघडलेलं गुणसूत्र मिळालं, तर त्याच्यापाशी दुसरं नसतंच. मग तो पडतो. मिळेल की नाही, हे दर खेपेला निम्मं-निम्मं. मुलीलाही तसंच, तीही निम्म्या शक्यतेने वाहक.

"म्हणजे आजी वाहक, आणि ताईंचं रक्त आपण तपासलंय, ताई वाहक." मॅडमनी दोन गोलांत मधोमध ठिपका दिला.

रत्ना तेव्हा पहिल्यांदा बोलली. "मनी धाकली बहीण शे."

"त्यांना मुलं आहेत?"

"नही. पन दिन गयेल शेत. नववा आठवडा."

मॅडमनी लेखणी खाली ठेवली. दिपमालाचं रक्त या आठवड्यात आलं पाहिजे, असं त्या म्हणाल्या. अहवालाला वेळ लागतो. ती वाहक निघाली, तर पोटातल्या बाळाची तपासणी ठरावीक आठवड्यांतच करता येते, आणि पुढे काय करायचं ते तिचं तिला ठरवायला हाती दिवस उरले पाहिजेत. उशीर झाला तर बाळ जन्मेपर्यंत वाट बघण्याखेरीज काही उरत नाही.

बाहेर आल्या आल्या आबांनी व्याह्यांना फोन लावला. तोताराम शेतात होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "आबा, साखरपुड्याले तुम्हीच तं वाचून दाखोलं. सतरा पिढ्या. आता पोटुशी पोरीचं रक्त कायले काढाचं? लोक इचारतीन, काय सांगू मी? काही नाही व्हत. घाबरू नका." आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी लावला तर उचलला नाही. तिसऱ्या दिवशी हितेंद्रने उचलला आणि म्हणाला, बाबा नाही म्हणतात. दिपमालाशी बोलू देशील का म्हटलं, तर ती झोपली आहे म्हणाला. दुपारी बारा वाजता झोपली आहे!

हे तीन दिवस आबा लाल कापडातल्या वहीसमोर बसून राहिले. वही आणि तिचा मान हाच त्यांचा जन्मभराचा आधार, आणि तोच आता लेकीच्या दारात आडवा पडला होता. ते स्वतः म्हणाले म्हणून तर लोकांचा विश्वास बसला. आता तेच उलटं म्हणणार, तर ऐकणार कोण? सुनंदाबाई भाकऱ्या थापत होत्या. आबा एकदा त्यांच्यावर ओरडले, "तू तवय काबर सांगं नही?" सुनंदाबाईंनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "तुम्ही कवय इचारं?" एवढंच. यावर आबा ओट्यावर जाऊन बसले आणि म्हाताऱ्या माणसाने रडावं तसे, आवाज न करता रडले.

चौथ्या दिवशी पहाटेची गाडी धरून ते निघाले. धुळे, जळगाव, भुसावळ, बोदवड. वही त्यांनी घेतली नाही. पन्नास वर्षांत वहीवाचून त्यांनी असा प्रवास केला नव्हता, आणि रिकामी बगल त्यांना वाटभर टोचत राहिली.

व्याह्यांकडे पोचले तेव्हा ओट्यावर तोताराम होते, हितेंद्र होता आणि शेजारचे दोन भाऊबंद सुपारी कातरत बसले होते. आबांना वाटलं, हे दोघे उठून गेले तर बरं. ते उठले नाहीत. विहीणबाई पाणी देऊन दारातच उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे, आतल्या अंधारात, दिपमाला होती.

"याहीबुवा, वही खोटी नही," आबा म्हणाले. "पन ती अर्धी शे."

मग त्यांनी जसं समजलं होतं तसं सांगितलं. मॅडमचे शब्द त्यांना सगळे आठवेनात. गुणसूत्र म्हणताना जीभ अडखळली, तेव्हा ते सोडून त्यांनी बैलांवर आणलं. बाईच्या गाडीला दोन बैल, एक बसला तरी दुसरा ओढून नेतो आणि बघणाऱ्याला काही कळत नाही. पोराच्या गाडीला एकच बैल. तो बसला की गाडी बसली. सुपारी कातरणारा एकजण म्हणाला, "म्हनजे बाईनच वाईट आनते घरात." आबा त्याच्यावर उसळलेच, "बाई काही आनस नही! तिले मालूम बी ऱ्हात नही! मालूम आमले ऱ्हास आनि आम्ही लिखतस नही!"

तोतारामांनी हात वर करून दोघांना थांबवलं. "आबा, एक सांगा. साखरपुड्याले म्या इचारलं, तवा तुम्हाले हे माहीत व्हतं का नाही?"

इथं आबांना सुटायला वाट होती, आणि ती त्यांना दिसत होती. माहीत नव्हतं म्हणायचं. ते खोटंही नव्हतं. जनुक त्यांना माहीत नव्हतं, वाहक हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता. मान राहिला असता. पण मग तोताराम म्हणाले असते, तुम्हाला माहीत नव्हतं, वहीत नाही, मग आहेच कशावरून? आणि आणखी एक आठवडा गेला असता. आबांनी दाराकडे पाहिलं. अंधारातून दिपमालाचे नुसते डोळे दिसत होते.

"मालूम व्हतं," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी आपल्या लग्नातलं सांगितलं, जे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. बोहल्यावर नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा असतो. उखर्डू तेव्हा चौदाचा. दोघांनी त्याला काखेत धरून आणला आणि त्याचा हात उचलून आबांच्या कानाला लावला. बोटं कानावर टेकली आणि पिळेचनात. त्यांच्यात तेवढाही जोर नव्हता. पोरगं ओशाळं हसत होतं. मांडव बघत होता. मग आबांनीच आपली मान हळूच वळवली, पिळल्यासारखं दिसावं म्हणून, आणि मोठ्याने 'आई गं' म्हणाले. लोक हसले. वाजंत्री वाजली.

"त्या बोटं अजून मना कानवर शेत," आबा म्हणाले. "योगेंद्रना हात धरा तवय माले त्याज बोटं लागनात. आनि तरी मी मांडवमा वही वाचीसन दखाडी. मना मान राहावा म्हनीसन."

तोताराम उठले आणि पाठ करून उभे राहिले. "मंग तुम्ही आम्हाले फसोलं," ते म्हणाले. आबा हो म्हणाले. भाऊबंदांनी सुपारीचा डबा मिटला. आता ही गोष्ट संध्याकाळपर्यंत बोदवडच्या बाजारात आणि आठवड्यात धुळ्यापर्यंत जाणार, हे आबांना कळत होतं, आणि गंमत अशी की त्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष दाराकडे होतं.

दिपमाला सासूला बाजूला सारून बाहेर आली. तिच्या हातात पिशवी होती. म्हणजे बोलणं चालू असतानाच तिने ती भरली होती. ती बापाकडे न बघता नवऱ्याला म्हणाली, "गाडी काढा. मले धुळ्याले जायाचं आहे." हितेंद्रने वडिलांकडे पाहिलं. तोताराम वळले नाहीत. विहीणबाईंनी पुढे होऊन खुंटीवरची किल्ली काढली आणि मुलाच्या हातात दिली. "जाय," त्या म्हणाल्या. "पोट तिचं आहे."

मोटारसायकलवर बसण्याआधी दिपमाला एकदाच बापाजवळ आली. आबांना वाटलं, पाया पडेल. ती म्हणाली, "आबा, तुम्ही घर जा. दवाखानामा नका येवा." आणि गेली.

अहवालाला अठरा दिवस लागले. त्या अठरा दिवसांत आबा सोनगीरला नव्हते, नरडाण्याला रत्नाकडे होते. योगेंद्रला शाळेत न्यायचं, आणायचं, संध्याकाळी त्याचे पाय ताणायचे. मॅडमच्या सांगण्यावरून हे रोजचं ठरलं होतं. गावांकडून फोन येणं बंद झालं होतं. एका जुन्या यजमानाने तर सांगून पाठवलं, आबा, यंदा नका येऊ, पोरीचं जमवायचं चाललंय. आबांनी तो निरोप ऐकला आणि पोराचे पाय ताणत राहिले. त्यांचा जीव दुसरीकडेच टांगलेला होता. झोपेतून उठल्यावर डोळे उघडायच्या आत ते बोटांवर मोजायचे, आज कितवा आठवडा, आज कितवा दिवस.

अठराव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला रत्नाचा फोन वाजला. हितेंद्र होता. त्याला नीट बोलता येत नव्हतं. "ताई, नाही निघालं. दिपमाला वाहक नाही. मॅडम म्हनल्या, तिच्याकडे तुमच्या आईचं चांगलं गुणसूत्र आलंय. बाळाले काही धोका नाही." मागून कुणाच्या तरी रडण्याचा आणि हसण्याचा आवाज येत होता. त्यात तोतारामांचाही होता. दिपमाला फोनवर आली आणि ताई, ताई, एवढंच म्हणत राहिली.

रत्ना हसली. अगदी मनापासून हसली, फोनमधून बहिणीची दृष्ट काढली, गोड खा म्हणाली, सांभाळून राहा म्हणाली. फोन ठेवला. आबा भिंतीला टेकून खाली बसले होते, हात जोडून, डोळे मिटून. त्यांना वाटलं, सुटलो. मग त्यांनी डोळे उघडले.

रत्ना फोन हातात धरून उभी होती. "आबा," ती म्हणाली, "आम्ही दोन्ही बहिनी एकच मायन्या. तिले नही उनं, माले उनं. हाई कोना हातमा व्हतं?"

आबांनी शंभर गावांना सांगितलं होतं, कोण कुणापासून निघाला आणि का. अमक्याचं हे आजोबावर गेलं, तमक्याचं ते पुण्याईने आलं. या प्रश्नाला त्यांच्याकडे देव होता, नशीब होतं, मागचा जन्म होता. यांतलं काहीही सांगितलं असतं तर रत्नाने ऐकून घेतलं असतं. पण निम्मं-निम्मं म्हणजे काय, हे आता आबांना पुरतं कळलं होतं.

"कोनाच हातमा नव्हतं, माय," ते म्हणाले.

"तिना करता माले चांगलं वाटस आबा. खरंज चांगलं वाटस," रत्ना म्हणाली, आणि मग तिचा बांध फुटला. ती चुलीकडे तोंड करून उभ्या उभ्या रडू लागली.

ओट्यावरून योगेंद्रने हाक मारली. त्याला बसल्या जागेवरून वळायचं होतं. आबा उठले, बाहेर गेले, त्याच्या काखांत हात घातले आणि त्याला रस्त्याच्या बाजूला तोंड करून बसवलं. समोर गल्लीत पोरं चेंडूमागे पळत होती.

"आई काबर रडस?" त्याने विचारलं.

"मावशीना फोन उना व्हता. मावशीनं बाळ चांगलं राही, म्हनीसन."

"म्हंजे ते पडाव नही?"

"नही. पडाव नही."

"पळी?"

"पळी," आबा म्हणाले. पोरगं गल्लीतल्या मुलांकडे बघू लागलं.

"मंग ते आपला घर उनं का माले बाहेर बसाडजात," योगेंद्र म्हणाला. "त्यानं पळनं माले देखनं शे."

आबांनी हो म्हटलं.